इंजिन रंगवा, पण आधी मीठ काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारसायकलचं इंजिन घरच्या घरी नव्यासारखं कसं करावं, हे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. तो वाचून आमच्या वेंगुर्ल्यातले काही माजी विद्यार्थी माझ्याकडे आले. वडिलांच्या बुलेटचं इंजिन मी घरी साफ करून रंगवलंय, हे त्यांना ठाऊक आहे. लेखातल्या तीन सूचना किनाऱ्यावर कुणी जशाच्या तशा पाळल्या तर इंजिनाचं नुकसान ठरलेलं, आणि त्यांतली एक तर कुठेच पाळू नये अशी. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त कॉस्टिक सोड्याचा मजकूर कापू नका.

मी मेकॅनिक नाही. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. वडील सरकारी पशुवैद्य होते. त्यांची ही बुलेट १९७४ सालची. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता (तो १ मे १९८१ ला झाला), म्हणून गाडीच्या पुस्तकावर रत्नागिरीचा शिक्का आहे. शिरोडा, रेडी, मोचेमाड, कुठल्याही वाडीत म्हैस अडली की वडील या गाडीवरून निघायचे. त्यांच्यानंतर गाडी बरीच वर्षं मांगरात (घराशेजारच्या खोपटात) उभी होती. भाचा म्हणाला, विकून टाकूया. मी म्हटलं, आधी निदान स्वच्छ तरी करूया.

गाडीचं इंजिन म्हणजे मद्रासला १९५५ पासून बनू लागलेलं तेच जुनं ३४६ सीसीचं. बॅरल (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो) बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं, खालची पेटी म्हणजे क्रँककेस ॲल्युमिनियमची, गिअरबॉक्स मागे वेगळा जोडलेला. ही यादी देते ती एवढ्यासाठी की इंजिन दिसायला एक असलं तरी त्यात दोन वेगळे धातू आहेत. बीड तांबडं गंजतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. दोघांचा उपचार एक नव्हे. आपल्या लेखात सगळ्याला एकच औषध दिलंय.

पहिली सूचना, कॉस्टिक सोडा. लेखात म्हटलंय की इंजिनाचे भाग रात्रभर कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून ठेवावेत, म्हणजे जुना रंग आणि तेलाचा थर सुटून येतो. सुटतो हे खरंच आहे, पण त्याबरोबर ॲल्युमिनियमही सुटतं. आठवी-नववीची मुलं हा प्रयोग करतात. परीक्षानळीत ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा टाकायचा, वर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. बुडबुडे येऊ लागले की नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरायची, आणि ‘फट्’ असा आवाज झाला की मुलं खूश. तो हायड्रोजन. परीक्षानळीत ही गंमत असते, पण बंद खोलीत बादलीभर द्रावणात अख्खं टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) बुडवलेलं असेल आणि शेजारी कुणी बिडी पेटवली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर डोळा जातो. लेखात चष्म्याचा उल्लेखही नाही.

धातूचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा एक जुना विद्यार्थी त्याच्या गाडीचं कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, “बाई, एक रात ठेवलंय, सकाळी बघलंय तर सगळा काळा पडला. आता काय करूचा?” बोट फिरवलं तर काळं माखलं. इंजिनाचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं, त्यात सिलिकॉन, तांबं असं काय काय मिसळलेलं असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हे बाकीचं काळ्या थराच्या रूपाने मागे उरतं. काळा थर घासून काढता येतो, पण स्क्रूच्या भोकातले आटे झिजले होते आणि पॅकिंग बसते ती कडही हाताला खरखरीत लागत होती. त्या कडेतून तेल पाझरणारच. मी त्याला सांगितलं, दुसरं कव्हर शोध.

ॲसिडवाले तर याहून धाडसी. संडास धुवायचं ॲसिड लावा, असं सांगणारे व्हिडिओ पोरं मला दाखवतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. म्हणजे धातू तर खाणारच, वर क्लोराइड मागे ठेवून जाणार. आमच्याकडच्या एका बाईंनी प्रेमाने सुचवलं, “आगळ लावा, पितळेची भांडी बघा कशी निघतात.” आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यात मीठ असतं हो! देवाच्या समईला ठीक आहे, लगेच धुऊन पुसली जाते. इंजिनाच्या फिनांच्या (थंडाव्यासाठीच्या पातळ पात्यांच्या) खाचांत शिरलेलं आगळ कोण काढणार?

इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते. समुद्राजवळ इंजिनाचा रंग टिकत नाही तो रंग हलका होता म्हणून नव्हे, तर रंगाखाली मीठ राहिलं म्हणून. माझं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी खारे वारे सुटले की खिडकीच्या काचेवर संध्याकाळपर्यंत चिकट थर धरतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीवर तो किती बसला असेल! रंगाचा थर दिसायला सलग असला तरी पाण्याची वाफ त्यातून थोडी थोडी आत जातच असते. आत मीठ असलं की ते ही वाफ ओढून घेतं, तिथे पाण्याचा थेंब जमतो, रंग फुगतो आणि फोड येतो. पहिल्या पावसाळ्यानंतर जे फोड दिसतात ते हे. लोक रंगवाल्याला आणि कंपनीला शिव्या घालतात. ॲल्युमिनियमवर स्वतःचाच एक अतिशय पातळ ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तोच त्याचं कवच. क्लोराइड नेमकं त्या कवचाला भोकं पाडतं आणि मग टाचणीने टोचल्यागत खड्डे पडत जातात.

मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण शोधता येतं. शाळेतली क्लोराइडची चाचणी आठवते का? मी तीच केली. स्वच्छ कापूस डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते, पेट्रोल पंपावर मिळतं) भिजवून क्रँककेसवर तळहाताएवढ्या जागेत फिरवला, परीक्षानळीत पिळला, त्यात विरल नायट्रिक ॲसिडचे थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट. थेंब पडल्याबरोबर दह्यासारखा पांढरा साका खाली बसला. ती क्रँककेस तोवर रॉकेलने धुऊन, पुसून, ‘झाली एकदम साफ’ म्हणून मेस्त्रींनी माझ्या हवाली केलेली होती. रॉकेलने तेल-ग्रीस जातं. मीठ रॉकेलमध्ये विरघळतच नाही, ते जागच्या जागी राहतं. बाजूला तुलनेला नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन तेच थेंब टाकले, ते नितळ राहिलं. मेस्त्री दोन्ही नळ्या उजेडाला धरून बराच वेळ बघत होते. त्यानंतर त्यांनी माझ्या कामात ढवळाढवळ केली नाही. (सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की काळे डाग पडतात आणि ते बरेच दिवस जात नाहीत. नायट्रिक ॲसिडही खेळायची वस्तू नव्हे. ज्याला सवय नाही त्याने गावातल्या विज्ञान शिक्षकाला गाठावं.) हौशी खूळ वाटेल म्हणून सांगते, जहाजांचं पोलाद रंगवण्याआधी पृष्ठभागावर मीठ किती आहे हे मोजायची रीतच आहे.

मग मीठ काढायचं कशाने? पाण्याने. पण कुठल्या? आमच्या विहिरीच्या पाण्यावरही मी ती चाचणी केली. उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं हे जिभेला ठाऊक होतंच, नळीतही ते गढूळ पांढरं झालं. त्या पाण्याने इंजिन धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. शिरोड्याची मिठागरं बघत वाढलेल्या माणसाला पाणी सुकल्यावर काय उरतं हे शिकवायला नको.

कोकणात यावर फुकटचा उपाय आहे. मिरगाच्या सरींनी कौलं धुऊन जाऊ द्यायची. आषाढात चांगला पाऊस लागला की पागोळ्यांचं पाणी झाकणाच्या पिंपात भरून ठेवायचं. तेच मी वापरलं. ओतताना कोमट केलं, कारण कोमट पाण्यात धुणं चांगलं होतं. शेवटचा हात मात्र डिस्टिल्ड वॉटरचा. पुन्हा कापूस, पुन्हा नळी. साका यायचा थांबेपर्यंत धुणं चालू. फिनांच्या मुळाशी आणि क्रँककेसच्या खालच्या बाजूला, जिथे चिखलाचं पुट होतं, तिथून मीठ सर्वांत चिवटपणे निघालं.

घासायला लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर चालवू नका. लोखंडाचे बारीक कण धातूत रुततात आणि पुढे तेच तांबडे ठिपके होऊन वर येतात. पितळी तारेचा किंवा नायलॉनचा ब्रश चालतो. मी नारळाच्या सुक्या सोडणाचा काथ्या वापरला, खाचांत छान शिरतो. बाजारचा काथ्या घेऊ नका, तो बहुधा खाडीच्या पाण्यात कुजवलेला असतो. म्हणजे परत मीठच! धुण्याचा सोडा असलेली पावडर टाळा, ॲल्युमिनियमला ती सोसत नाही. केसांचा साधा शॅम्पू उत्तम. आणि हे सगळं करण्याआधी कार्ब्युरेटरची वाट, सायलेन्सरची वाट, ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी), प्लगचं भोक, सगळी तोंडं घट्ट बंद. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा तर नकोच, तो पाणी बेअरिंगपर्यंत पोचवतो.

वाळूचा फवारा मारून घ्या, असंही लेखात एका ओळीत सांगितलंय. आमच्याकडे वाळू दारात आहे, त्यामुळे ही ओळ वाचून कुणाच्या डोक्यात काय येईल याची मला धास्ती वाटते. किनाऱ्यावरची वाळू खारट असते हे एक. दुसरं, कोरड्या वाळूच्या फवाऱ्याने जी धूळ उडते ती छातीत बसून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तिसरं, या जुन्या बुलेटच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाला) सैल फिरणारा, ‘तरंगता’ बुश असतो, त्याला तेल बारीक वाटेने जातं. त्या वाटेत एक कण अडकला की इंजिन कायमचं बसलं. काचेच्या मण्यांचा फवारा मारणारे कारखाने असतात, त्यांच्याकडे फक्त सुटा केलेला, पुरता रिकामा भाग द्यावा आणि परत आला की प्रत्येक छिद्रातून वारा मारून घ्यावा. मला त्याची गरज पडली नाही.

दुसरी सूचना, सगळ्या इंजिनाला चंदेरी स्प्रे. अहो, क्रँककेस मुळात ॲल्युमिनियमचीच आहे. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमचा रंग कशाला? हल्ली जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत जाऊन बघा. क्रँककेस, गिअरबॉक्स, हेड, नट, बोल्ट, पॅकिंगची कडसुद्धा सगळं एकाच चंदेरी पुटात न्हालेलं. लांबून झकास. जवळ गेलं की ओतकामाचा मूळचा दाणेदार पोत पार बुजलेला दिसतो. मी क्रँककेस आणि हेड उघडंच ठेवलं. बाजूची कव्हरं मुळात बफ केलेली होती, ती परत बफ करून घेतली. रंग लावला फक्त बॅरलला, कारण ते बीड आहे आणि उघडं राहिलं तर आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी घासलेलं दुपारी तांबडं होतं. ज्यांची क्रँककेस आधीच खड्डे पडून विद्रूप झालीय त्यांनी रंगवावी, माझं काही म्हणणं नाही. मात्र आधी ॲल्युमिनियमला धरणारा एच (etch) प्रायमर लावावा, नाहीतर पापुद्रे निघतात.

बॅरलची गोष्ट सविस्तर सांगते, कारण खरं काम तिथेच आहे. फिनांमधली जागा इतकी अरुंद की बोट जात नाही. पॉलिश पेपरच्या पट्ट्या कापून, जुन्या पट्टीला गुंडाळून एकेका खाचेत मागेपुढे घासायचं. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसावं. जुना रंग असेल तर पाणी लावून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडी धूळ नाकात नको. गंज खोल असेल तिथे फॉस्फरिक ॲसिड असलेलं गंजनाशक लावलं. लोखंडाचं फॉस्फेट होऊन पृष्ठभाग करडा पडतो. ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुऊन लगेच वाळवायचं. लगेच म्हणजे खरोखरच लगेच. मी हॉट एअर गन हाताशी ठेवली होती.

रंग उष्णता सोसणारा, सिलिकॉन रेझिनचा, मॅट काळा. त्याखाली घराच्या ग्रिलला मारतात तो रेडऑक्साइड लावू नये, तो जळतो आणि वरच्या रंगाला घेऊन सुटतो. हा रंग थेट स्वच्छ धातूवर किंवा त्याच कंपनीच्या उष्णतेच्या प्रायमरवर बसतो. थर पातळ हवेत. जाड थर फिनांवर पांघरुणासारखा बसतो आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तेवढंच जड जातं. एका बाजूने फवारा मारला की फिनांच्या मागच्या अंगाला रंग पोचत नाही, म्हणून बॅरल टांगून तिरक्या कोनातून चारी बाजूंनी हलके हात मारायचे. पॅकिंग बसते त्या वरच्या-खालच्या कडा कागदी टेपने झाकलेल्या हव्यात. तिथे रंग राहिला तर बोल्ट आवळल्यानंतर तो दबतो, आवळ सैल पडतो आणि तेल गळतं. इंजिन फ्रेमला जिथे जोडलं जातं ती जागाही कोरी ठेवा, नाहीतर अर्थिंग मिळत नाही आणि मग हॉर्न का वाजत नाही म्हणून वायरी शोधत बसाल.

हा रंग वाळला म्हणजे झाला असं नाही. वाळल्यावरही पेट्रोलचा थेंब पडला तर तो सुटतो. बऱ्याच सिलिकॉन रंगांना पक्कं व्हायला २०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. लेखक म्हणतात, घरच्या ओव्हनमध्ये ठेवा. कृपा करून ठेवू नका, त्यातून निघणारा धूर जेवणाच्या भांड्यांत जायला नको. बेकरीच्या भट्टीत टाकून आणतो म्हणणारेही मला भेटले आहेत. तिथे दुसऱ्या दिवशी पाव भाजायचे असतात! इंजिन जोडल्यावर ते थोडा वेळ चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग आणखी थोडा वेळ, परत गार, असं वाढवत नेलं की इंजिनाची स्वतःचीच उष्णता बहुतेक काम करते. तोवर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत नाही ना याकडे लक्ष ठेवायचं. सुरुवातीला रंगाचा वास आणि थोडा धूर येतो, घाबरू नये.

आता वेळेचं. लेखात ‘पावसाळ्यात गाडी बंदच असते, तेव्हा हे काम काढा’ असा सल्ला आहे. घाटावर एखाद्याला तो जमत असेलही. आमच्याकडे पावसाळ्यात हवा पाण्याने ओथंबलेली असते. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि काळा रंग पांढुरका होतो. पुन्हा रंगवल्याशिवाय सुटका नाही. खोलणं, घासणं, धुणं ही कामं पावसाळ्यात करा, पाणीही तेव्हा भरपूर असतं. घासलेल्या बिडाला तेवढा तेलाचा हात फिरवून ठेवायचा, आणि रंगाच्या दिवशी ते तेल थिनरने पुरतं पुसून काढायचं. रंग मात्र दिवाळीनंतर. त्यातही पहाटे दव असतं, तेव्हा नाही. दहाच्या सुमारास दव उडालेलं असतं, मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून सुटायचे असतात. ती दुपारपर्यंतची वेळ साधावी. उघड्या खळ्यात रंगवू नये, दुपारच्या वाऱ्याबरोबर ओल्या रंगावर मीठ येऊन बसतं. मी मांगरात रंगवलं, समुद्राकडची दारं-खिडक्या बंद, मागची उघडी, चूल विझलेली. बॅरल आधी उन्हात पत्र्यावर ठेवून हाताला कोमट लागेल इतका तापवला होता.

दोन डबे मिसळून मारायचे जे चकचकीत रंग असतात, त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने अडत नाही, आणि त्याने दमा जडू शकतो. लेखात टाकीसाठी हा रंग घरी मारायला सांगितलाय. टाकी पेंटरकडे द्यावी, त्याच्याकडे सोय असेल तर. इतकंच म्हणते.

तिसरी सूचना, बफ केलेल्या कव्हरांवर पारदर्शक लॅकर, म्हणजे चकाकी कायम राहील. कोरड्या गावात राहील कदाचित. किनाऱ्यावर काही महिन्यांत लॅकरच्या खाली बारीक, वळणावळणाच्या रेषा पसरू लागतात. स्क्रूच्या भोकाशी किंवा दगड लागून टवका उडालेल्या जागी सुरुवात होते आणि ती रेष लॅकरखालून आपली पुढे पुढे जात राहते. वरून पुसून उपयोग नाही, सगळं लॅकर खरवडून परत बफ. त्यापेक्षा उघडं ठेवलेलं कव्हर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, सुकवून, गाडीचं मेण लावलं की झालं. चकाकी आरशासारखी राहत नाही. वडिलांच्या हयातीतही ती तशी कधी नव्हती.

स्क्रूंबद्दल एक. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये, वर खारट ओल, म्हणजे बॅटरीच तयार झाली, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेसचे स्क्रू घातले तरी हे चुकत नाही, फक्त स्क्रू स्वतः चकचकीत राहतो आणि आत जाम होऊन बसतो. प्रत्येक आट्याला ग्रीस लावूनच स्क्रू बसवा. पुढच्या वेळी खोलणारा मेस्त्री तुम्हाला दुवा देईल.

इंजिन नंबराबाबत लेखात चकार शब्द नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. क्रँककेसवर ठोकलेला नंबर घासायचा नाही, त्यावर फवारा मारायचा नाही, जाड रंगाने बुजवायचा नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि तपासणीत नंबर पुस्तकाशी ताडून बघतात. पुसट नंबर दिसला की गाडी चोरीची नाही हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. मी त्या जागेवर काम सुरू करण्याआधीच टेप चिकटवली, आणि कागद ठेवून पेन्सिलीने नंबराचा ठसा काढून फाइलला लावला.

पोरं ‘व्हिंटेज नंबर’बद्दलही विचारतात, म्हणून त्याचंही लिहिते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. आमची बुलेट आता त्या वयाची झालीय, तरी मी त्या वाटेला गेले नाही. मला बाजारात जायला गाडी हवी आहे, मासळी घेऊन परत यायला. ज्याला मांडून ठेवायची आहे त्याने व्हिंटेज नंबर जरूर घ्यावा, आणि मग तर इंजिनाचं मूळ रूप बिघडवणारी चंदेरी अंघोळ अजिबात घालू नये.

राहता राहिलं वापरलेलं रॉकेल आणि थिनर. लेखात ‘नंतर फेकून द्यावे’ असं आहे. कुठे? माडाच्या आळ्यात की विहिरीच्या कडेला? आमच्याकडे जांभ्यातून पाणी झिरपत जातं, आज परसात ओतलेलं शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं. रॉकेल डब्यात भरून ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळ परत धुवायला चालतं. खालचा गाळ आणि काळं तेल मी डब्यात बंद करून गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात दिलं, ते नेणारे येतात. थिनरची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, उघड्यावर पसरून वाळवावीत, आणि लहान मुलांपासून लांब.

लेखकाला नाउमेद करायचा माझा हेतू नाही. जुनं इंजिन स्वतःच्या हाताने साफ करण्यात मजा आहे हे त्यांनी मनापासून लिहिलंय, आणि ते खरं आहे. माझ्यासारख्या सत्तरीकडे झुकलेल्या बाईला जमलं ते कुणालाही जमेल. माझी विनंती एवढीच की पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान कॉस्टिक सोडा, ओव्हन आणि इंजिन नंबर या तीन गोष्टींची दुरुस्ती, मूळ लेख ज्या पानावर होता त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी नकोत. दिवाळी आता फार लांब नाही, आणि आमच्या किनाऱ्यावरची पोरं रंगाचे डबे आणायला कुडाळला जातात ती तेव्हाच.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग